घरच्या घरी ध्वनिमुद्रण : आधी खोली, मग अंतर, शेवटी यंत्र

शालेय विज्ञानात प्रतिध्वनीचे एक गणित हमखास असते. कानावर पडलेल्या ध्वनीची जाणीव मेंदूत सुमारे ०.१ सेकंद टिकते. २२ अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो. तेव्हा मूळ आवाजापासून वेगळा असा प्रतिध्वनी ऐकू यायचा तर ध्वनीने जाऊन-येऊन ३४.४ मीटर अंतर कापले पाहिजे. म्हणजेच परावर्तन करणारी भिंत निदान १७.२ मीटर दूर हवी. गणित बरोबर आहे आणि मुलेही ते बरोबर सोडवतात.

आता तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद अशा मोकळ्या खोलीच्या मध्यभागी बसून, हातभर अंतरावर मोबाइल ठेवून, एखादा उतारा वाचून मुद्रित करा आणि मग ऐका. आवाज आपलाच, पण विहिरीतून आल्यासारखा, लांबचा आणि घुमणारा. भिंत तर १७ मीटरवर नाही, दीड मीटरवर आहे. मग हा घुमणारा आवाज आला कोठून? आणि आला तर वाचताना तो आपल्याला का जाणवला नाही?

या प्रश्नाचे उत्तर कळले की ध्वनिमुद्रणाचे निम्मे शास्त्र हाती येते. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद असताना अनेक शिक्षकांनी आपले पाठ घरी बसून मुद्रित केले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून देणारेही अनेक जण आहेत. या कामाला लागणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता मायक्रोफोन घ्यावा?’ असा असतो. आमच्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात. खोली कशी आहे? आणि तोंड मायक्रोफोनपासून किती अंतरावर आहे? असे का, ते आकडे मांडूनच पाहू.

कान निवडतो

खोलीच्या मध्यभागी आपण एक शब्द उच्चारला की तो भिंतीवर आपटून सुमारे नऊ सहस्रांश सेकंदात परत येतो. मग समोरच्या भिंतीवर जातो, पुन्हा येतो, छताला आणि जमिनीला लागतो. एका शब्दाच्या शेकडो प्रती एकमेकींच्या पाठोपाठ, दर वेळी थोड्या क्षीण होत, खोलीभर फिरत राहतात. त्या इतक्या जवळजवळ येतात की वेगळ्या ऐकू येत नाहीत. त्या मिळून आवाजाला एक लांब शेपूट जोडतात. यालाच आपण निनाद म्हणतो. पाठ्यपुस्तकातील १७.२ मीटरची अट प्रतिध्वनीला आहे, निनादाला नाही.

मग ही शेपूट वाचताना का जाणवत नाही? कारण आपले दोन कान आणि त्यांच्यामागचा मेंदू ती बाजूला सारतात. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवले की मूळ आवाजानंतर काही सहस्रांश सेकंदांच्या आत येणारे परावर्तन आपण वेगळे ऐकत नाही. आवाज प्रथम जिकडून आला तिकडूनच तो येत आहे असे आपल्याला वाटते. शिवाय दोन कानांपर्यंत पोचणाऱ्या आवाजांतील सूक्ष्म फरकांवरून मेंदू समोरच्या माणसाचा आवाज वेगळा काढतो. गजबजलेल्या लग्नमंडपात आपण शेजाऱ्याशी बोलू शकतो ते याच सोयीमुळे.

प्रयोग १ : मोकळ्या खोलीत एकाला काही वाचायला सांगा. चार-पाच मीटरवर उभे राहून आधी दोन्ही कानांनी ऐका, मग एक कान बोटाने घट्ट बंद करा. खोली एकदम जास्त घुमू लागल्यासारखी वाटेल. खोली तीच आहे. दोन कानांची निवड करण्याची सोय तेवढी आपण काढून घेतली आहे.

मायक्रोफोन हा असाच एकटा कान आहे आणि त्याच्यामागे मेंदू नाही. पडद्यावर हवेचा जो दाब पडेल त्याचे तो विद्युत संकेतात रूपांतर करतो. आवाज, निनाद, पंखा, रिक्षाचा हॉर्न, सगळे त्याला सारखेच. एकदा हे मिसळले की पुढे ते पूर्णपणे वेगळे करता येत नाही. म्हणून निवड आधीच, म्हणजे आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचण्यापूर्वी करावी लागते.

खोलीचे गणित

निनाद मोजण्याचे शास्त्र एका वर्गखोलीच्या तक्रारीतून जन्माला आले ही गोष्ट शिक्षकांना आवडावी. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले होते, पण तेथे शिकवलेले काही समजत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकीच्या अध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी एक ऑर्गनची नळी आणि कालमापक घेतले. रात्रीच्या शांततेत नळी वाजवून थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंदांच्या आसपास भरला. इतक्या वेळात वक्ता दहा-पंधरा शब्द बोलून जातो, म्हणजे प्रत्येक शब्दावर आधीच्या अनेक शब्दांची शेपूट पडणार. मग जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्या थोड्या थोड्या वाढवत सॅबाइन मोजत राहिले. त्यातून हे सूत्र मिळाले :

निनादकाल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

निनादकाल म्हणजे आवाज ६० डेसिबेलने, म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने दशलक्षांश होईपर्यंत लागणारा वेळ. शोषणाचे एकक सॅबाइन यांनी मोठ्या कल्पकतेने निवडले : उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीवर पडलेला आवाज परत येतच नाही, म्हणून तिचे शोषण १. गिलावा केलेली भिंत किंवा फरशी फार तर ०.०३ शोषते, म्हणजे शंभरातला सत्त्याण्णव भाग परत पाठवते.

आता आपली तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोली घेऊ. घनफळ २७ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून ५४ चौरस मीटर. शोषण ५४ × ०.०३ = १.६. निनादकाल २.७ सेकंद! भाषणाच्या मुद्रणासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असावा.

गोधडीचे काम

आता त्याच खोलीत दोऱ्या बांधून गोधड्या, रजया, जाड चादरी अशा एकूण १० चौरस मीटर टांगू. त्यांचे शोषण सरासरी ०.५ धरू. मग एकूण शोषण ६.३ आणि निनादकाल सुमारे ०.७ सेकंद. पलंगावर गादी आणि कपड्यांचे उघडे कपाट असेल तर आणखी कमी. लहान खोलीत सॅबाइन यांचे सूत्र अंदाजापुरतेच धरावे, पण दिशा आणि प्रमाण त्यातून बरोबर कळते.

गोधडी आवाज शोषते म्हणजे काय करते? हवेचे कण कंप पावत तिच्या धाग्यांच्या दाटीत शिरतात, घासतात आणि ध्वनीच्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून एक सोपी परीक्षा आहे : ज्या वस्तूतून तोंडाने फुंकर मारली असता ती अडखळत का होईना पण पलीकडे जाते, ती वस्तू चांगली शोषक. थर्मोकोलमधून फुंकर जात नाही, म्हणून भिंतीला थर्मोकोल लावून निनाद फारसा कमी होत नाही. अंड्यांचे ट्रे लावण्याची पद्धतही अशीच गैरसमजावर उभी आहे. कागदाच्या लगद्याचा तो पातळ थर वरच्या काही वारंवारतांवर थोडाफार परिणाम करतो, इतकेच.

गोधडी भिंतीला चिकटवू नये, वीतभर पुढे टांगावी. भिंतीलगत हवेच्या कणांना पुढेमागे हलायला वाव नसतो, आणि हालचाल नाही तर घर्षणही नाही. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. ५०० हर्ट्झ वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, तिचा पाव भाग १७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत. १०० हर्ट्झची तरंगलांबी मात्र ३.४ मीटर असते. इतक्या लांब तरंगांपुढे गोधडीचे काही चालत नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. शोषण वेगळे आणि अटकाव वेगळा. गोधडी आतला निनाद कमी करते, बाहेरच्या गाडीचा आवाज अडवत नाही. त्याला जाड, वजनदार भिंत आणि फट नसलेले दार लागते. घरी हे जमणारे नाही, तेव्हा त्यावर उपाय एकच : वेळ निवडणे. पहाटे पाच वाजता, पंखा बंद करून आणि फ्रिजपासून दूर बसून जे साधते ते दुपारी कोणत्याही उपकरणाने साधत नाही.

वीतभर अंतर

दुसरा प्रश्न अंतराचा. तोंडापासून थेट येणारा आवाज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अंतर निम्मे केले की तो ६ डेसिबेलने वाढतो. निनाद मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. म्हणजे तोंडापासून काही अंतरावर थेट आवाज आणि निनाद समसमान होतात, आणि त्यापलीकडे निनादाचे राज्य सुरू होते. या सीमेचे अंतर मीटरमध्ये काढण्यासाठी घनफळाला निनादकालाने भागावे, वर्गमूळ घ्यावे आणि ०.०५७ ने गुणावे. आमच्या मोकळ्या खोलीत ते १८ सेंटिमीटर येते, गोधड्या टांगल्यावर ३६ सेंटिमीटर. आवाज सर्व दिशांना सारखा पसरतो असे येथे मानले आहे. तोंड समोर जास्त आवाज पाठवते, म्हणून प्रत्यक्षात सीमा थोडी पुढे असते. तरी सुरुवातीच्या मुद्रणाचे कोडे आता सुटले. मोबाइल हातभर अंतरावर, म्हणजे सीमेच्या बाहेर होता.

अंतराचे हे महत्त्व जुन्या ध्वनिमुद्रकांना चांगले ठाऊक होते. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले तेव्हा मायक्रोफोन नव्हता आणि आवाज कमीजास्त करण्याची कळही नव्हती. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी गायचे आणि साथीदारांना त्यांच्या वाद्याच्या जोराप्रमाणे पुढेमागे बसवायचे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये बाजारात आले, तोपर्यंत आवाजांचा मेळ साधण्याचे मुख्य साधन अंतर हेच होते.

मग मायक्रोफोन अगदी ओठांशीच का धरू नये? याचे उत्तर आपल्या वर्णमालेत आहे. ख, घ, थ, ध, फ, भ हे महाप्राण. ते उच्चारताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो.

प्रयोग २ : ओठांसमोर वीतभर अंतरावर पेटती मेणबत्ती धरा आणि आधी ‘पळ’, मग ‘फळ’ म्हणा. ओठ मिटून उच्चारलेल्या ‘फ’ला ज्योत किती जास्त लवते ते पाहा. नंतर मेणबत्ती ओठांच्या एका बाजूला, गालाच्या रेषेत न्या. ज्योत हलणार नाही, पण आवाज तेथेही स्पष्ट ऐकू येतो.

हा झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला की ‘धप्’ असा आवाज मुद्रित होतो. इंग्रजी पुस्तके यासाठी ‘पी’ आणि ‘बी’ या अक्षरांचा इशारा देतात. आपल्याकडे महाप्राणांची सगळी पलटण आहे. म्हणून मायक्रोफोन वीतभर अंतरावर, पण तोंडाच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला आणि तोंडाकडे वळवलेला असावा. मध्ये पातळ कापड ताणून बसवलेली भरतकामाची चौकट ठेवली तर झोत मोडतो आणि आवाज पार होतो.

आता यंत्राकडे वळू. मोबाइलमधला मायक्रोफोन साधारणपणे सर्व दिशांचा आवाज सारखाच घेतो. विकत मिळणाऱ्या अनेक मायक्रोफोनांचा ग्रहणपट्टा पत्त्यांतल्या बदामासारखा असतो : समोरचा आवाज पूर्ण, बाजूचा निम्मा, पाठीमागचा जवळजवळ नाही. अशा मायक्रोफोनमुळे निनादाची सीमा १.७ पट लांब जाते. गोधड्यांनी ती दुप्पट लांब नेली होती. हिशेब स्पष्ट आहे. दोन्ही जमले तर उत्तम, पण एकच करायचे असेल तर आधी घरातल्या गोधड्या काढाव्यात.

आकड्यांत उतरलेला आवाज

मायक्रोफोनकडून आलेल्या संकेताची उंची यंत्र ठरावीक काळाने मोजते आणि ते आकडे साठवते. १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली गेली. मोजमापांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतच्या वारंवारता त्यांतून पुन्हा उभ्या करता येतात, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत. माणसाला २०,००० च्या वरचे ऐकू येत नाही, तेव्हा एवढे पुरे. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत लिहिले जाते. त्यामुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजांत सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर मावते.

नवखा माणूस येथे एक चूक करतो. आवाज ‘भरपूर’ यावा म्हणून तो पातळी अगदी टोकाला नेतो. पण सर्वांत वरच्या पायरीच्या वर पायरीच नाही. तरंगाचा माथा तेथे सपाट कापला जातो, आवाज फाटतो, आणि कापलेला भाग परत मिळत नाही. उलट पातळी खाली ठेवल्याने काही बिघडत नाही. वीतभर अंतरावर आपल्या बोलण्याची पातळी सुमारे ७४ डेसिबेल धरू आणि पहाटेच्या शांत खोलीची ३० डेसिबेल. फरक ४४ डेसिबेलचा, आणि यंत्राकडे जागा ९६ ची आहे. म्हणून सर्वांत मोठा उच्चारही मापकावर उणे १२ डेसिबेलच्या, म्हणजे कमाल उंचीच्या पाव भागाच्या वर जाऊ देऊ नये. पातळी आपोआप वरखाली करण्याची सोय बंद करता येत असेल तर करावी, नाहीतर दोन वाक्यांमधल्या शांततेत खोलीची घरघर वर येते. मूळ मुद्रण न दाबलेल्या स्वरूपात जपावे. एका मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. पाठवण्यासाठी त्याची लहान प्रत काढावी.

श्रुतलेखनाची कसोटी

मुद्रण चांगले झाले की नाही हे ठरवायचे कसे? ‘छान वाटते’ हे मोजमाप नव्हे. शिक्षकांपाशी याहून चांगले साधन आहे, ते म्हणजे श्रुतलेखन.

प्रयोग ३ : पुढील जोड्या घ्या. पळ–फळ, ताट–थाट, कार–खार, दार–धार, बार–भार, गडी–घडी, चाप–छाप, साल–शाल. प्रत्येक जोडीतला एकच शब्द निवडून आठ शब्दांची यादी करा. प्रत्येक शब्द ‘आता लिहा ताट’ असा सलग म्हणा. नुसता शब्द म्हटला तर त्यावर पडायला आधीच्या शब्दाची शेपूटच नसते. अशी चार मुद्रणे करा : मोकळ्या खोलीत हातभर आणि वीतभर अंतरावरून, मग गोधड्या टांगून हातभर आणि वीतभर अंतरावरून. दर वेळी यादी आणि क्रम बदला. ऐकणाऱ्या मुलांना कोणते मुद्रण कोठले ते सांगू नका, आणि चारही सारख्याच मोठ्या आवाजात ऐकवा, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग चुका मोजा आणि कोणत्या अक्षरांवर चुका झाल्या तेही पाहा.

महाप्राणाचा झोत सेकंदाचा दहावा भागही टिकत नाही. आधीच्या स्वराची शेपूट दोन सेकंद लांबली की ती या झोतावर अंथरूण टाकल्यासारखी पसरते, आणि ‘थाट’चे ‘ताट’ होते. वाक्यात असेल तर मोठा माणूस संदर्भाने चूक दुरुस्त करून घेतो. ज्या मुलाला तो शब्दच नवा आहे त्याच्यापाशी संदर्भ नसतो. वाचणाऱ्याचे ओठ ज्याला दिसत नाहीत त्याच्यापाशी तर आवाजाखेरीज काहीच नसते.

आता हेच गणित आपल्या वर्गाला लावून पाहा. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच वर्ग, भिंती गिलाव्याच्या. खिडक्या बंद आणि वर्ग रिकामा असेल तर निनादकाल सुमारे ४.३ सेकंद. ८ चौरस मीटर दारे-खिडक्या उघडल्या की पावणेदोन सेकंद. चाळीस मुले येऊन बसली, प्रत्येकाचे शोषण ०.३ धरले, की सुमारे ०.९ सेकंद. अमेरिकेत २००२ साली ठरलेल्या मानकात अशा वर्गासाठी ०.६ सेकंद ही मर्यादा आहे. भरलेल्या या वर्गातही थेट आवाजाची सीमा शिक्षकापासून फार तर एका मीटरवर संपते. त्यापुढच्या सर्व बाकांवर थेट आवाजापेक्षा परावर्तित आवाज जास्त पोचतो. त्यातली पहिल्या ५० सहस्रांश सेकंदांतली परावर्तने आवाजाला बळच देतात, पण त्यानंतरची शब्द पुसतात. आणि निनादातून शब्द वेगळा काढण्याची मोठ्यांइतकी क्षमता लहान मुलांत अजून आलेली नसते.

शेवटच्या बाकावरच्या मुलाने ‘थाट’ऐवजी ‘ताट’ लिहिले तर ती चूक त्याच्या शुद्धलेखनाची आहे, कानाची आहे की खोलीची? ठरवणे अवघड नाही. त्याच यादीसारखी दुसरी यादी त्याला पहिल्या बाकावर बसवून घाला. चुका कमी झाल्या तर मागच्या भिंतीवर जाड कापडाचा तक्ता वीतभर पुढे टांगा, दोन वाक्यांमध्ये जरा थांबा, आणि श्रुतलेखन घालताना एका जागी उभे न राहता बाकांमधून फिरा.